नाव झाकले, माणूस उघडाच

मराठी वाचकाला टोपणनावाचे मोठे कौतुक. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावावर लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून केल्या आणि विनोद ‘बाळकरामा’च्या नावे खपविला. पण ही तिन्ही नावे एकाच गृहस्थाची, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे!

हल्ली असे टोपणनाव तुम्हां-आम्हांलाही मिळते. फरक इतकाच, की ते आपण घेत नाही, दुसराच कोणी देतो. बँक, विमा कंपनी, औषधाचे दुकान, घरपोच किराणा देणारा, या साऱ्यांपाशी आपली माहिती असते. कर्ज कोण फेडील, तुपाला गिऱ्हाईक कुठे अधिक, हे ताडण्यासाठी त्यांना ती हवी असते. ती बहुधा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल यांच्या संगणकांच्या कोठारांत भाड्याने ठेवलेली असते. त्या कोठारांना म्हणतात ‘क्लाउड’. नाव ढगाचे, पण वास्तव्य जमिनीवरच, पक्क्या इमारतींत! पुष्कळ कंपन्यांचे बिऱ्हाड तर एकाच वेळी दोन-तीन ढगांत असते. प्रत्येक ठिकाणचे कुलूप निराळे, किल्ल्या सांभाळण्याची रीतही निराळी. मग एखादी खिडकी उघडी राहिली तर नवल ते काय?

अमेरिकेतील ‘कॅपिटल वन’ बँकेचे २०१९ साली तसेच झाले. तिकडच्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती एका परक्या इसमाच्या हाती लागली. माहिती सांकेतिक लिपीत होती. परंतु पहारा चुकीचा बसविलेला असल्यामुळे आत शिरणाऱ्याला ती लिपी उलगडण्याचा अधिकारही आपोआप मिळाला. बँकेला पुढे ८ कोटी डॉलर दंड झाला. तरीही बहुतेकांचे सरकारी ओळखक्रमांक बचावले. कारण त्यांच्या जागी ‘टोकन’ ठेवले होते आणि त्याची किल्ली वेगळी होती.

हे टोकन म्हणजे देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला. बिल्ले मोजून किती भाविक आले याचा हिशेब लागतो. चप्पल कोणाची, हे कळत नाही. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑनलाइन दुकानदाराला तुमच्या कार्डाचा खरा क्रमांक साठवता येत नाही. बिल्ल्यावरच भागवावे लागते.

पण एवढ्याने निर्धास्त होऊ नये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० नंतरच्या दशकात सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी, नावे-पत्ते काढून, संशोधकांना दिल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरना केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी-शेजारी मांडले. राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले. त्यांत पुरुष तीन. आणि त्यांच्या टपाल विभागात राहणारे एकटे तेच! राज्यपालांचे आजारपण चव्हाट्यावर आले, तेही एकही कुलूप न फोडता. दोन कोठारांतले दोन निरुपद्रवी कागद एकत्र आले, इतकेच.

म्हणून जाणते लोक सांगतात: हिशेबासाठी माहिती देताना जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, पिनकोडाऐवजी जिल्हा द्या, ज्या गटात दोन-चारच माणसे उरतात तो गाळा, आणि ढग कितीही असोत, किल्ल्या मालकाने आपल्याच कनवटीला ठेवाव्यात. हिशेब थोडा ढोबळ होईल, पण कोणाच्या लेकीचे जुने दुखणे किंवा कोणाच्या घरावरचे कर्ज गावभर होणार नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. २०२३ च्या कायद्यात माहितीच्या रक्षणात हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु कायदा धावून येतो तो चोरीनंतर. त्याआधीचा उंबरठा आपला. या दिवाळीत खरेदीला गेलात, की दुकानदार सवलतीच्या कुपनावर जन्मतारीख मागेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडायला म्हणून. त्याला हसून दिवस आणि महिना सांगावा. शुभेच्छांना तेवढे पुरते. साल हवे असते ते हिशेबाला!