निदान त्यांचे, देयक ग्राहकाचे!

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पणदरे हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा ऊसपट्टा. माळेगावच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले की उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्ता अडवून संथपणे चालत राहतात आणि त्यांच्यामागे मोटारींची रांग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत राहते. अशा गावातील एखाद्या शिक्षकाचे घर डोळ्यांसमोर आणावे. भविष्यनिर्वाह निधीतील थोडी रक्कम, थोडे उसाचे बिल आणि उरलेले बँकेचे कर्ज अशा जुळवाजुळवीतून दारात मोटार येते. पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. वर्ष-दीड वर्ष उलटते न उलटते तोच गाडी चढावर दम टाकू लागते. इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही. गाडी अधिकृत कार्यशाळेत जाते आणि संध्याकाळी दूरध्वनी येतो, "साहेब, क्लच गेला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा संच बदलावा लागेल. वॉरंटीत बसत नाही. तुमच्या चालवण्याचा दोष आहे."

अंदाजपत्रक असते काही दहा हजारांचे. गाडी उघडलेली, गिअरबॉक्स जमिनीवर, ग्राहक हतबल. हे दृश्य एकट्या पणदऱ्याचे नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी ते घडते. म्हणूनच त्याकडे एका कुटुंबाची अडचण म्हणून न पाहता व्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे.

आरोपीही तेच, न्यायाधीशही तेच

क्लच हा झिजणारा भाग आहे, हे कोणीही नाकारत नाही. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर घर्षणपट्टी दाबली जाते, तेव्हा शक्ती चाकापर्यंत पोहोचते. सतत 'हाफ क्लच'वर गाडी हाकणारा चालक ही पट्टी अकाली जाळू शकतो. उसाच्या ट्रॉलीमागे तासन् तास रखडणाऱ्या गाडीचा क्लच लवकर झिजेल, हेही खरे. म्हणूनच सामान्य झिजेचे भाग बहुतेक कंपन्या वॉरंटीतून वगळतात. प्रामाणिक कार्यशाळा असे सांगते, तेव्हा ग्राहकाने ते ऐकले पाहिजे.

परंतु प्रश्न वेगळाच आहे. क्लच झिजला की बिघडला, हे ठरवायचे कोणी? दोष उत्पादनाचा निघाला तर खर्च कंपनीच्या माथी, चालकाचा निघाला तर नफा कार्यशाळेच्या पदरी. ज्याच्या तराजूत दोन्ही पारडी स्वतःच्याच हिताची, त्याच्या हाती तो तराजू द्यायचा, यास न्याय म्हणत नाहीत. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणारा सुशिक्षित माणूस कार्यशाळेच्या काउंटरवर मात्र मान तुकवून सही करतो, हे आश्चर्यच!

वास्तविक यंत्र खोटे बोलत नाही. पट्टी सर्वत्र सारखी झिजून रिबिटांपर्यंत आली असेल तर तो वापराचा परिणाम मानता येतो. पण पट्टी एकाच बाजूने झिजली असेल, तिच्यातील स्प्रिंग तुटली असेल, रिलीज बेअरिंग अडकले असेल किंवा इंजिनाच्या मागील सीलमधून गळलेल्या तेलाने पट्टी भिजली असेल, तर त्यात चालकाच्या पायाचा दोष कसा? गिअर पडत नाही आणि पेडल खाली जाऊन बसते, अशी तक्रार असेल तर हायड्रॉलिक सिलिंडरची गळती किंवा नळीत शिरलेली हवा हेही कारण असू शकते. ती तपासणी गिअरबॉक्स न उतरवताही होते. तरीही सरळ 'संच बदला' असा हुकूम सुटत असेल, तर ते निदान नव्हे, विक्री आहे.

कायदा काय सांगतो?

न्यायालयांनी या विषयात ग्राहकाचे लाड केलेले नाहीत, हे आधी समजून घ्यावे. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटी ग्राहकावरही बंधनकारक मानल्या. सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलणे एवढीच जबाबदारी कंपनीने स्वीकारली असताना संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकला नाही. मात्र २०१० मध्ये फियाटच्या गाडीसंबंधीच्या दुसऱ्या प्रकरणात याच न्यायालयाने स्वतंत्र तंत्रज्ञाच्या तपासणीला निर्णायक स्थान दिले. त्या तंत्रज्ञाला गाडीत मूलभूत उत्पादनदोष आढळला, तर ग्राहकाला किंमत परत मिळावी, असे सांगितले. दोन्ही निकालांचा एकत्रित अर्थ स्पष्ट आहे. आक्रस्ताळेपणा कामाचा नाही, पुरावा कामाचा आहे; आणि पुरावा तपासणारा त्रयस्थ हवा.

कंपन्यांच्या मक्तेदारीवरही एकदा बोट ठेवले गेले आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती आपल्याच वर्तुळात कोंडून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. या आदेशाला कंपन्यांनी आव्हान दिले, हा भाग अलाहिदा. पण 'बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली' ही धमकी म्हणजे वेदवाक्य नव्हे, एवढे त्यातून सिद्ध झाले.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता ग्राहक जेथे राहतो, त्याच जिल्ह्यात तक्रार करू शकतो. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असो वा चेन्नईत, पणदऱ्याच्या ग्राहकाला पुणे जिल्हा आयोग पुरेसा आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दोष प्रयोगशाळेतील तपासणीविना ठरवता येत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. मुदत मात्र दोन वर्षांचीच!

शस्त्र हाती आहे, उचलायचे कोणी?

ग्राहकाने करायचे ते फारसे अवघड नाही. जॉबकार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. गाडी उघडण्यापूर्वी तपासणीचा खर्च विचारावा. वॉरंटी नाकारण्याचे कारण लेखी मागावे. तोंडी उत्तराला किंमत नाही. काढलेली प्लेट, बेअरिंग यांची छायाचित्रे घ्यावीत आणि स्वतःच्या पैशाने भाग बदलला असेल तर जुना भाग घरी आणावा. तोच उद्याचा साक्षीदार. जवळच्या जाणत्या मिस्त्रीला तो दाखवावा. नंतर कंपनीला पत्र, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि शेवटी आयोग, असा क्रम ठेवावा.

हे करायचे सोडून 'कोण कोर्टाच्या पायऱ्या चढणार?' म्हणत पैसे मोजणारा मध्यमवर्ग स्वतःचीच नव्हे, तर पुढच्या ग्राहकाचीही हानी करतो. चहाच्या टपरीवर व्यवस्थेला शिव्या देणे सोपे, एक लेखी प्रश्न विचारणे कठीण!

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कण्टकशोधन' नावाचे अधिकरण आहे. त्याच्या आरंभीच्या दोन प्रकरणांत प्रजेचे कारागिरांपासून आणि व्यापाऱ्यांपासून रक्षण कसे करावे, हे सांगितले आहे. व्यवहारातील काटे काढणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानणारी ही दृष्टी होती. याच मातीत, पुण्यात, १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा येण्यापूर्वी तब्बल बारा वर्षे! कायद्याची वाट न पाहता त्यांनी आधी माणसे संघटित केली.

शासनाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' मांडणारे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला. पाऊल स्वागतार्ह आहे, पण संकेतस्थळ म्हणजे संरक्षण नव्हे. वादग्रस्त निदानासाठी प्रत्येक जिल्ह्यात त्रयस्थ तपासनीस आणि वॉरंटी नाकारताना लेखी कारणाची सक्ती, या दोन गोष्टी झाल्याशिवाय हा तराजू सरळ होणार नाही.

तोवर पणदऱ्याच्या त्या शिक्षकाने काउंटरवर एवढेच शांतपणे म्हणावे, "जुनी प्लेट दाखवा आणि कारण लिहून द्या." न्याय मागणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे. निदान बरोबर असेल तर कार्यशाळेने कागदाला भिण्याचे कारण नाही. आणि ती भीत असेल, तर खरे निदान तेथेच झाले!