खोडदच्या तबकड्या आणि आमची इंजिनीअर मुले

आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी वाट आमच्या वस्त्यांतील किती मुलांना ठाऊक आहे?

बी.ई. झालेला आमचा मुलगा आज काय करतो? चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत उमेदीची वर्षे घालवतो. यात कमीपणा काहीच नाही. पण गणिताची तिसरी वाट आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. पुणे विद्यापीठाच्या ज्या एम-थ्रीच्या पेपरने आमच्या मुलांची झोप उडते, त्यातच फूरिए रूपांतर असते. खोडदच्या ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संकेत एकत्र करून त्यावर हेच फूरिएचे गणित चालवले की आकाशाचे चित्र उमटते. २०२३ साली गुरुत्वीय लहरींचे जे पुरावे जगभरातून पुढे आले, त्यात याच दुर्बिणीची निरीक्षणे होती. म्हणजे ज्याला मुलगा 'बॅकलॉग' म्हणतो, त्याच्यावर खोडद उभे आहे!

वाट बदलणे नवे नाही. नरेंद्र करमरकर हे मुंबई आयआयटीचे इलेक्ट्रिकल इंजिनीअर. १९८४ साली त्यांनी रेषीय प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत मांडली आणि ती जगभर गाजली. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.मॅथ.ला बी.ई. चालते. गेट परीक्षेत गणिताचा पेपर आहे, २०२४ पासून डेटा सायन्सचाही आहे. एक सावधगिरी मात्र हवी. एका पातळीवरची पदवी झाल्यावर त्याच पातळीवर दुसरा विषय घेतला तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, असा नियम आहे. म्हणून बी.ई.नंतर पुन्हा बी.एस्सी. करू नये, थेट पदव्युत्तर प्रवेश घ्यावा.

आता खरी मेख. कायदा वाचणे हा आमचा धंदा, म्हणून सांगतो. २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायद्याचे कलम ३ अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के जागा देते. लगेच पुढचे कलम ४ काही संस्थांना यातून वगळते. त्या परिशिष्टात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव आहे आणि खोडदची दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय केंद्र या संस्थेचाच भाग आहे. जमीन जुन्नरची, पैसा जनतेचा, पण पीएचडीच्या प्रवेशात आरक्षण बंधनकारक नाही! कारण काय, तर 'उत्कृष्टता'. उत्कृष्टता आमच्या मुलांमुळे बाटते काय?

गणित ही विशिष्ट जातीची मिरास आहे, हा समज जुन्नरनेच खोटा ठरवला आहे. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात भारतातले फार जुने अंक कोरलेले आहेत. ते कशासाठी? यज्ञात पुरोहितांना दिलेल्या गाई आणि नाणी मोजण्यासाठी. याच जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेख मात्र वेगळे सांगतात. तिथे दानाचा पैसा बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे गुंतवला जाई. ठेव सांभाळायची, त्यावर दरमहा ठरलेली रक्कम भिक्षुसंघाला द्यायची, हा हिशेब कष्टकऱ्यांच्या हाती होता. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो आकड्यांच्याच बळावर. जयंतीच्या भाषणांत त्याचा उल्लेख होतो, मंडळाच्या कपाटात तो सापडत नाही.

संशोधनाकडे वळलेल्यांचे हालही आम्ही पाहिले. बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३ साली विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असलेला मुलगा पाच वर्षे कोणत्या भरवशावर काढणार?

मंचर, घोडेगाव, नारायणगावच्या कार्यकर्त्यांनी आता एक काम करावे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. गेल्या दहा वर्षांत या केंद्रात पीएचडीसाठी घेतलेल्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, एवढेच विचारावे. उत्तर आले की ते घेऊन खासदारांकडे जावे आणि परिशिष्टातील ते नाव वगळण्याची दुरुस्ती लोकसभेत मांडायला सांगावे. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.