पाणी उसाला, मग भाकर कोणाला?

पावसानें अलीकडे शेतकऱ्याशीं वैर मांडलें आहे. मृगांत तो दडी मारतो आणि सुगी दारांत आली म्हणजे खळ्यांत चिखल करून जातो. शहाणे लोक यास हवामानाचा पालट म्हणतात व आम्हांस उपदेश करतात कीं, बाबांनो, ऊस सोडा, ज्वारी पेरा. उपदेश खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण नुसत्या उपदेशानें चूल पेटत नाहीं.

महाराष्ट्रांत ऊस पेरणीच्या सुमारें चार टक्के जमिनीवर उभा असतो. परंतु केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेंच सांगितलें आहे कीं, ओलिताचें सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी तो एकटा पितो. २०१६ च्या एप्रिलांत लातूरकरांची तहान मिरजेहून आगगाडीनें आणलेल्या पाण्यानें भागवावी लागली. आणि त्याच गळीत हंगामांत मराठवाड्यांतील कारखान्यांचीं धुराडीं धूर ओकीत होतीं!

उलट मंगळवेढ्याचा शाळू पाहा. काळ्या रानांतल्या नुसत्या ओलीवर तो चार महिन्यांत उभा राहतो. माणसास भाकर, बैलास कडबा व जमिनीस शेणखत देतो. मग शेतकरी तो कां सोडतो? उसाला कायद्यानें ठरलेला भाव आहे व घेणारा कारखाना आहे. ज्वारीचा हमीभाव कागदावर, आणि माल आडत्याच्या दारांत! शिवाय काढणीला आयाबहिणींचे हात सोलून निघतात, तें निराळेंच. खळें मोडलें तसें सुतार-लोहाराचें बलुतेंही गेलें. आज त्याला तीच ज्वारी बाजारांतून विकत घ्यावी लागते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत भरड धान्याचें नांव आहे, पण रेशनच्या दुकानांत ज्वारी क्वचितच दिसते. २०२३ सालीं जगानें भरड धान्याचें वर्ष साजरें केलें. मेजवान्या झडल्या, पण आमच्या पोत्याला गिऱ्हाईक कोठें वाढलें? सरकारनें तालुक्याची ज्वारी हमीभावानें तालुक्यांतच घ्यावी व तेथल्याच रेशनवर द्यावी, ही आमची मागणी आहे. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हांच ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी रानांत मुरवावें असें सरकारास बजाविलें होतें. तें काम अजून पुरें व्हावयाचें आहे.

परंतु सारा दोष सरकारच्या माथीं मारून आम्ही मोकळे होणार नाहीं. शेजाऱ्यापेक्षां आपली बोअर खोल नेण्याच्या चढाओढींत एकमेकांच्या विहिरी आम्हींच आटविल्या. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें शेतीसाठीं बोअर घेणें बंद केलें व दरसाल पावसाचा हिशेब मांडून पिकें ठरविलीं. तीं माणसें आमच्यासारखींच कुणबी-कष्टकरी आहेत. त्यांना जमलें तें आम्हांस कां जमूं नये?

बांधवांनो, येत्या ग्रामसभेंत दोन प्रश्न विचारा: गांवांत पाणी किती, आणि तें कोणाच्या शेतांत जातें? हा हिशेब मागावयास कोणाची परवानगी लागत नाहीं.