आडत्या कोणाचा ?

गेल्या आठवड्यांत एक शेतकरी बंधु कांद्याची पट्टी घेऊन शाळेंत आले. “मास्तर, एवढी वाचून सांगा,” म्हणाले. आम्हीं वाचली. हमाली होती, तोलाई होती, उचलीची वजावट होती. आणि हातांत पडलेली रक्कम गाडीभाड्यासही पुरणारी नव्हती. त्यांनीं विचारलें, “आडत्या आपलाच माणूस ना ?” या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस भाग आहे.

मध्यस्थ नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. गिऱ्हाईक शोधणें, पैसा वसूल करणें, हें एकट्या शेतकऱ्याच्यानें होत नाहीं. लग्नांत, आजारपणांत उचलही तोच देतो. पण जो उचल देतो त्याच्याच गाळ्यावर माल न्यावा लागतो, आणि भावाविषयीं बोलणारें तोंड तेथेंच बंद होतें.

रोग जुना आहे. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरत, आणि मालाचा धनी बाजूस उभा राही. यावर उपाय म्हणून वऱ्हाडांत १८९७ सालीं व मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं बाजारांचे कायदे झाले. महाराष्ट्रांत १९६३ सालीं बाजार समित्यांचा कायदा झाला. उघडा लिलाव, खरें माप व रोख पैसा हा त्यांचा हेतु. पुढें २०१६ सालीं भाजी व फळें यांवरील आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, असें सरकारनें ठरविलें.

हें चांगलेंच झालें. पण नीट पहा. पूर्वीं आडत आम्ही देत होतों, तरी मर्जी खरेदीदाराची राखली जाई. आतां आडतही तोच देतो. मग आमची बाजू कोण घेणार? मध्यस्थ भला निघेल या आशेवर राहूं नये. पाहणारा डोळा असला म्हणजे तो सरळ चालतो.

म्हणून लिलावाच्या वेळीं ढिगापाशीं स्वतः उभे रहा. माप डोळ्यांनीं पहा. पट्टी मागून घ्या व जपून ठेवा. तींत आडत कापलेली दिसली तर बाजार समितीकडे लेखी तक्रार करा. आणि होतां होईल तों कर्ज गांवच्या सोसायटीकडून काढा, म्हणजे माल कोठें न्यावा हें तुमच्या हातीं राहील.

त्या बंधूंस आम्हीं हेंच सांगितलें. पुढील खेपेची पट्टी आम्ही वाचणार नाहीं. त्यांची मुलगी आमच्याच शाळेंत आहे, तिनें ती घरीं वाचून दाखवावी, अशी आमची अट आहे.