हुकलेली ब्रांच

धाकट्या बहिणीला सीईटीत कॉम्प्युटर सायन्स मिळालं नाही, इलेक्ट्रिकल मिळालं. तेव्हापासून घरात सुतक पाळल्यासारखं वातावरण आहे. परवा मामा आले आणि म्हणाले, "म्हणजे आता खांबावर चढणार काय गं?" ती हसली, पण रात्री जेवली नाही.

मामांना मला बी. जयंत बालिगा यांच्याबद्दल सांगायचं होतं. बंगळूरजवळ जालहळ्ळीत वाढलेले, १९६९ साली आयआयटी मद्रासमधून बाहेर पडलेले हे इंजिनिअर. अमेरिकेत पीएचडी केल्यावर त्यांना बेल लॅब किंवा आयबीएममध्ये संशोधन करायचं होतं. ग्रीन कार्ड नव्हतं, जमलं नाही. १९७४ साली जीईत जागा मिळाली ती पॉवर डिव्हाइसेसची. म्हणजे हुकलेलीच ब्रांच की!

तिथली अडचण अशी. मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलायचा तर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारा स्विच हवा. बायपोलर ट्रान्झिस्टर भरपूर करंट नेतो, पण त्याला चालू ठेवायलाच बराच करंट द्यावा लागतो. मॉसफेटला व्होल्टेजचा इशारा पुरतो, पण जास्त व्होल्टेजसाठी बनवला की त्याचा रेझिस्टन्स फार वाढतो. बालिगांनी दोघांचा संसार सिलिकॉनच्या एकाच तुकड्यात मांडला, तो आयजीबीटी. पण त्यात एक नको असलेला थायरिस्टरही आपोआप तयार होतो. तो जागा झाला की स्विच बंदच होत नाही. त्याला झोपवून ठेवायचं, शिवाय इलेक्ट्रॉनांचा मारा करून स्विचचा वेग हवा तसा बसवायचा, ही खरी मेहनत. श्रेय त्यांच्या एकट्याचं नाही. आरसीएच्या बेके आणि व्हीटली यांचंही पेटंट आहे, तोशिबाच्या नाकागावांचंही मोठं काम आहे. हे सांगितलेलं बरं, नाहीतर आपल्याकडे लगेच आरती सुरू होते.

इन्व्हर्टर एसी, रेल्वेचं इंजिन, हॉस्टेलात चोरून मॅगी शिजवतो ती इंडक्शन शेगडी, सगळीकडे आज आयजीबीटी आहे. बालिगांना २०२४ चं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं, म्हणजे शोधानंतर चाळीसेक वर्षांनी. पहिल्या वर्षीच्या पॅकेजवरून ब्रांचची किंमत करणाऱ्यांना हा हिशोब कसा कळणार? अठरा वर्षांच्या पोरीला 'हुकली' म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

काल बहिणीनं बिघडलेली इंडक्शन शेगडी उघडली. आत हीटसिंकला स्क्रूनं आवळलेला, तीन पायांचा काळा तुकडा. "हाच काय रे तो?" म्हणाली. हाच. शेगडी मामांची होती.