पाटी लावणारा आणि पाटी काढणारा

कचेरीतील अधिकाऱ्याची बदली झाली, की त्याच्या नावाची पाटी उतरविण्याचे काम शिपायाकडे येते. एके काळी हे काम दोन मिनिटांचे होते. पाटी लाकडाची वा पितळेची असे, ती स्क्रूंनी बसविलेली असे आणि स्क्रू ड्रायव्हर फिरविला की जशीच्या तशी हाती येई. आता पाटी बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते आणि दुहेरी चिकटपट्टीने भिंतीला डकविलेली असते. ती लावावयास अर्धे मिनिट पुरते. काढावयास मात्र मोडके हॅक्सॉ ब्लेड, भाजीची सुरी, पत्र्याचा तुकडा, लोखंडी फूटपट्टी अशी हाती लागतील ती हत्यारे गोळा करावी लागतात. पाटी निघते तेव्हा तिच्याबरोबर रंग निघतो, लांबीचा थर निघतो, आणि कधी कधी गिलाव्याचा पोपडाही निघतो.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचे तत्त्व येथे भिंतीवरच लिहिलेले आहे. ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खाजगी हिशेब आणि समाजाचा हिशेब यांतील तफावतीचे विवेचन केले. कृत्य एकाने करावे आणि त्याच्या खर्चाचा काही भाग दुसऱ्याच्या माथी पडावा, अशी स्थिती असली की ते कृत्य प्रमाणाबाहेर वाढते. चिकटविलेल्या पाटीचे नेमके हेच झाले आहे. स्वस्त पडते ते लावणे. काढण्याचा खर्च, म्हणजे शिपायाचा वेळ, रंगाऱ्याची मजुरी आणि भिंतीची डागडुजी, खरेदीच्या कोणत्याही दरपत्रकात नसतो.

पाट्या बदलण्याचे प्रसंगही थोडे नाहीत. बदल्या आणि बढत्या तर नेहमीच्याच. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या निर्णयांच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. जिल्ह्याचे नाव बदलले, की कचेऱ्या, शाळा, बँका व दवाखाने यांच्या पाट्या बदलणे ओघानेच येते, एवढाच मुद्दा आहे. पाटी कायमची नसते, हे ठाऊक असूनही ती कायमची असल्यासारखी चिकटविली जाते.

वस्तुतः चिकटपट्टीचे सामर्थ्य आणि तिचा दुबळेपणा, दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. पाटी सरळ ओढली तर ताण पट्टीच्या सबंध पृष्ठभागावर विभागला जातो. म्हणून ती दाद देत नाही. पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाटी उचकटली, तर जो थर सर्वांत कच्चा तो आधी सुटतो. पुष्कळदा तो थर गोंदाचा नसून भिंतीवरील रंगाचा वा लांबीचा असतो. याउलट पट्टीच्या मधला फोम मऊ असतो. पाटीमागे मासेमारीचा तंगूस किंवा बारीक तार घालून ती दोन्ही हातांनी करवतीसारखी पुढेमागे ओढली, तर फोम कापला जातो आणि पाटी अखंड निघते. केस वाळविण्याच्या यंत्राने आधी ऊब दिल्यास गोंद मऊ पडतो व काम आणखी सोपे होते. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून वळ्या करीत काढता येतो. भिंतीवर पाते चालविण्याची गरज क्वचितच पडते.

ही युक्ती अनेक रंगारी व पाटीवाले जाणतात. पण कचेरीतील शिपायाला ती कोणी सांगत नाही आणि वार दोन वारांचा तंगूसही कोणी देत नाही. तो मुठीकडच्या बाजूला चिंधी गुंडाळून उघडे ब्लेड चालवितो, आणि ते निसटले की बोट कापून घेतो. अशा वेळी त्याच्या 'जुगाडा'चे कौतुक होते. परंतु ज्याला साधन द्यावयास हवे होते, त्याच्या कल्पकतेची वाहवा करणे हा जबाबदारी टाळण्याचाच एक सभ्य प्रकार होय.

रस्त्यावरील भिंतींची कथा याहून निराळी नाही. मालमत्तेच्या विद्रूपीकरणास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९९५ साली केला. तरीही शिकवणी वर्ग, भाड्याच्या खोल्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांचे कागद विजेच्या खांबांवर व शाळांच्या कुंपणभिंतींवर डकविलेले दिसतातच. निवडणूक जाहीर झाली, की आयोगाच्या सूचनेनुसार शासकीय इमारतींवरील असा मजकूर २४ तासांत, सार्वजनिक जागांवरील ४८ तासांत आणि खाजगी जागेवरील ७२ तासांत हटवावा लागतो. अर्थात मनात आणले तर भिंती स्वच्छ होऊ शकतात. मात्र तेव्हाही भिंत खरवडतो तो पालिकेचा कामगार. कागद डकविणारा नव्हे.

यावर उपाय अवघड नाहीत. दाराशी एकदाच स्क्रूने चौकट बसवावी आणि नावाची पट्टी तिच्या खाचेत सरकविता येईल अशी असावी. अधिकारी बदलला की केवळ पट्टी बदलेल. चौकटीला पैसे अधिक पडतात आणि भिंतीला भोके पडतात, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च एकदाचा आहे, उखडलेल्या भिंतीचा खर्च दर बदलीला होणारा आहे. पाट्यांचे कंत्राट देताना जुनी पाटी काढून भिंत पूर्ववत करण्याची अट त्याच दरात घालावी. सार्वजनिक जागी फलक लावण्याची परवानगी देताना अनामत रक्कम घ्यावी आणि जागा स्वच्छ झाल्यावरच ती परत करावी. शाळा-महाविद्यालयांनी सूचनाफलक पुरेसे ठेवावेत, म्हणजे भिंतीवर कागद डकविण्याचे निमित्त उरणार नाही.

या साऱ्यांमागील सूत्र एकच आहे. पाटी लावण्याचा निर्णय जो घेतो, त्याच्याच हिशेबात ती काढण्याचा खर्च मांडला गेला पाहिजे. तो तसा मांडला गेला, तर स्वस्त काय आणि महाग काय, हे खरेदी करणाऱ्याला आपोआप कळेल. आणि शिपायाच्या हातातील उघडे ब्लेडही खाली ठेवले जाईल.