‘उपस्थित महिला’ म्हणजे कोण?

देशाचा इतिहास सांगणारं छायाचित्रांचं प्रदर्शन संग्रहालयात लागतं, तेव्हा आपण भिंतीवर गांधी, नेहरू, माउंटबॅटन ओळखतो आणि पुढे सरकतो. कॅमेऱ्यामागे कोण होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. २०१० साली दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होमाई व्यारावाला यांच्या छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात हा प्रश्न टाळताच येत नव्हता.

होमाई भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीची त्यांची छायाचित्रं नियतकालिकांत छापून आली ती पती माणेकशा यांच्या नावाने. पुढे त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतलं. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर हात वर करणारे काँग्रेसचे नेते, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ साली भारतात आलेले तरुण दलाई लामा, हे सारं त्यांनी टिपलं. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं. म्हणजे हे प्रदर्शन लागायला चाळीस वर्षं जावी लागली. तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या गेल्या.

पण ‘पहिली स्त्री’ म्हणून टाळ्या वाजवून आपलं काम संपत नाही. कॅमेरा बाईच्या हातात आला तरी चौकटीत बहुतेक पुरुष नेतेच राहिले, कारण वर्तमानपत्रांना तेच हवे होते. बातमी म्हणजे काय, हे ठरवण्याची सत्ता बाईकडे नव्हती. म्हणून मला त्यांनी तिशीच्या दशकात काढलेली जे. जे.मधल्या मैत्रिणींची, विशेषतः रेहाना मोगल यांची छायाचित्रं तितकीच महत्त्वाची वाटतात. शिकणाऱ्या, शहरात मोकळेपणी वावरणाऱ्या त्या मुली देशाच्या इतिहासाचा भाग नाहीत का? त्यांना शेवटच्या दालनात ‘इतर’ म्हणून बसवू नये, झेंडावंदनाच्या शेजारी लावावं.

मैत्रिणींनो, संग्रहालयांना दोष देताना आपली कपाटंही उघडू या. मोर्चे, शिबिरं, दारूबंदीचे ठराव यांचे ढीगभर फोटो तिथे पडलेले असतात. पाहुण्यांचं नाव लिहिलेलं असतं आणि बाकी सगळ्या ‘उपस्थित महिला’! वस्तीतून मजुरी बुडवून आलेल्या बाईचं नाव आपणही लिहीत नसू, तर तिला पुसण्यात आपलाही हात आहे.

मुंबईत १९८८ पासून ‘स्पॅरो’ ही संस्था स्त्रियांची छायाचित्रं, मुलाखती, कागदपत्रं जपते आहे. हे काम आपापल्या गावी, लहान प्रमाणात करता येईल. पुढच्या बैठकीत जुने फोटो मांडा, वयस्क कार्यकर्त्यांना बोलवा, नावं विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल, कार्यक्रम आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा. मोबाईलमधल्या फोटोंची वहीत नोंद ठेवा. एखादीला आपला फोटो बाहेर दाखवायचा नसेल, तर तिचा शब्द अखेरचा माना.

ओळखणाऱ्या बाया आज आपल्यात आहेत. त्यांच्यानंतर विचारायचं कुणाला?